पाणी कुठवर येतं

तीन खोल्या होत्या. तिन्ही फोनमध्ये.
त्रिशलानं फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला
आणि म्हणाली, अप्पा, बघा. रात्रीपर्यंत कळवायचंय.

मी मार्केट यार्डात तोलाईदार. सव्वीस वर्षं.
हळकुंड हातात आलं की मोडून बघतो,
कट्ट वाजलं तर वाळलेलं,
मग आतला रंग, मग वास, मग काटा.
खोली कशी मोडून बघायची?
फोटोतल्या भिंतीला ओल लागत नाही.

पहिली स्वस्त. अकरा पोरांत एक स्वयंपाकघर.
हिच्या आईनं विचारलं, तवा वेगळा ठेवता येईल का?
दुसरीला भाडं दोन तऱ्हेचं, थंड आणि गरम.
थंड म्हणजे नुसत्या भिंती,
गरम म्हणजे हीटर, पाणी, जिन्याचा झाडू धरून.
हे मला पटलं. आम्हीही
पोत्यासकट वजन वेगळं लिहितो.

तिसरी नदीकाठी.
खिडकीत एल्बे, फोटोत अगदी शहाण्यासारखी चाललेली,
कडेला सायकली, एक बाई कुत्र्याला फिरवतेय.
तिथं आल्यावर त्रिशलाचा आवाज बदलला.
मला कळलं, हिचा सौदा मनात झालाय,
आता नुसती रुमालाखाली बोटं दाबायची राहिलीत.

मी विचारलं, पाणी कुठवर येतं?
अप्पा, तो देश वेगळा आहे.
देश असेल वेगळा. नदी नदीच.

आमच्या गावभागातल्या घराच्या चौकटीवर
दोन तऱ्हेच्या रेघा आहेत.
पेन्सिलीच्या, हिच्या उंचीच्या, दर पाडव्याला एक.
खिळ्यानं ओढलेल्या, कृष्णेच्या. पाच साल. एकोणीस साल.
एकोणीसला ही दहावीत होती
आणि नदी हिच्यापेक्षा वीतभर उंच.
जिन्याच्या अकरा पायऱ्या पाण्यानं खाल्ल्या.
बाराव्या पायरीच्या वर आम्ही तिघं, एक स्टो,
आणि हिची भूमितीची वही.

लिही, म्हटलं. विचार त्या मालकिणीला.
हिनं लाजत लिहिलं, माझे वडील विचारतात.
तासाभरात उत्तर आलं. शब्द एकही नाही, एक फोटो:
दगडी भिंत, भिंतीवर आडव्या रेघा,
प्रत्येक रेघेपुढं साल.
सगळ्यांत वरच्या रेघेला म्हातारीनं बोट लावलेलं.
नखात माती. बागेतली असेल.

मी चष्मा लावून बघितलं.
इतका खरा नमुना सव्वीस वर्षांत
फार थोड्या व्यापाऱ्यांनी दाखवलाय मला.
हीच, म्हटलं. पण मजला?
वरचा, ती म्हणाली. जरा चटकनच म्हणाली.
मी ताणलं नाही.
हिच्या आईला वेगळीच काळजी:
डिसेंबरात चारला सूर्य मावळतो म्हणे तिथं,
मग पोरीनं जेवायचं कधी?
जूनमध्ये साडेनऊला मावळतो, आई. सरासरी काढ.

पुढच्या जुलैत एका रात्री फोन.
पहिलंच वाक्य, अप्पा, आयर्विनला किती?
छत्तीस फूट. कोयनेतून सोडलंय. सामान माळ्यावर चढवलं.
आणि तुझ्याकडं?
काही नाही हो, उलट आटलीय. थांबा, दाखवते.

दार उघडल्याचा आवाज आला.
चपला जिना उतरायला लागल्या.
पडद्यावर अंधार हलत होता, मी तो बघत नव्हतो,
मी पायऱ्या मोजत होतो.
अठरा. एकोणीस.
मध्येच थांबली, कुणाला तरी गुटन आबेंड म्हणाली.
वीस. एकवीस.
बावीस.
फोनला बाहेरचा वारा लागला.

बरं आहे, मी म्हटलं.
अहो, अजून नदी कुठं दाखवलीय?
राहू दे, म्हटलं. दिसली.